तेराशे वर्षांची शस्त्रक्रिया



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आजचा विषय वाचून काहींना नवल वाटले असेल, काहींना संकोच. पुरुषाच्या छातीवर स्तन वाढतात आणि ते शस्त्राने कमी करता येतात, ही गोष्ट चारचौघांत बोलण्याची नव्हे, असा आपला समज आहे. माझे म्हणणे असे की, हा संकोच हाच या विषयाचा निम्मा इतिहास आहे. दुखते म्हणून, रक्त वाहते म्हणून, हाड मोडले म्हणून ज्या शस्त्रक्रिया झाल्या त्यांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले. पण जिवाला धोका नाही, ज्वर नाही, बहुधा फारशी वेदनाही नाही. केवळ लोक हसतात म्हणून माणसाने आपले अंग सुरीखाली द्यावे, आणि तेही भूल देण्याची विद्या निघण्याच्या बाराशे वर्षे आधी, ही गोष्ट थांबून विचार करण्यासारखी आहे.

आधी आपल्या भाषेकडेच पाहा. धैर्याच्या माणसाला आपण निधड्या छातीचा म्हणतो. खात्रीने बोलणारा छातीठोकपणे बोलतो. अवघड काम अंगावर घ्यायला छाती लागते, आणि भ्याडाची ती होत नाही. मर्दपणाचा पत्ता मराठीने छातीवर लिहून ठेवला आहे. अशा समाजात ज्या मुलाची छाती भलत्याच अर्थाने भरू लागते, त्याच्या मनाची अवस्था काय होत असेल? नदीवर पोहायला जायचे तर सदरा काढावा लागतो. तालमीत उतरायचे तर अंगावर लंगोटाखेरीज काही नसते. मुंज, पूजा, सोवळे, सगळे उघड्या अंगाने. मग तो मुलगा खांदे पुढे टाकून पोक काढून चालू लागतो, भर वैशाखात सदऱ्याखाली जाड बनियन घालतो, पोहायला येत नाही म्हणून सांगतो. मास्तर, बाप, मित्र, कोणाजवळही तो खरे कारण बोलत नाही.

आता शब्दाविषयी थोडेसे. वैद्यकात या विकाराला गायनेकोमास्टिया म्हणतात. 'गुने' म्हणजे ग्रीक भाषेत स्त्री. आपल्या वेदांतील 'ग्ना' आणि 'जनि' हे स्त्रीवाचक शब्द याच्याच गोत्रातले. 'मास्तोस्' म्हणजे स्तन. हा शब्द रूढ केला तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील पर्गमॉनच्या गॅलेनने. गॅलेनच्या मते या विकारात वाढते ती चरबी. आतली ग्रंथी वाढली तर तो प्रकार निराळा समजावा. मौज अशी की, आजचे वैद्यक याच्या नेमके उलट सांगते. आज ग्रंथी वाढली तरच तो खरा गायनेकोमास्टिया, आणि नुसती चरबी साठली तर तो खोटा. नाव गॅलेनचे राहिले आणि अर्थ उलटा झाला. विद्येच्या इतिहासात असे पुष्कळदा होते.

गॅलेनच्याही मागे जाण्याचा मोह काही संशोधकांना आवरत नाही. इजिप्तचा राजा इखनातोन, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातला, त्याच्या पुतळ्यांना भरलेली छाती आणि रुंद कंबर दिसते. त्यावरून त्याला व त्याच्या घराण्याला हा विकार असावा, असे अनेकांनी मांडले. २०१० साली त्या घराण्यातील ममींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तूतनखामेनच्या बाबतीत निर्णय देता येईना, कारण त्याच्या ममीच्या छातीचा पुढचा भागच शिल्लक नाही. एकंदरीत त्या मूर्ती म्हणजे त्या काळच्या राजदरबाराची कलाशैली होती, असाच अभ्यासकांचा कौल पडला. दगडावरून रोगनिदान करावयाचे नसते, हे आपण येथेच लक्षात ठेवू आणि लेखी पुराव्याकडे वळू.

परंतु त्याआधी शरीरात काय घडते ते दोन शब्दांत सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचा इतिहास कळावयाचा नाही. स्तनाचे बीज निसर्गाने मुलगा आणि मुलगी दोघांतही सारखेच पेरलेले असते. ते वाढावे की निजून राहावे हे रक्तातील संप्रेरकांवर ठरते. स्त्रीत्वाचे म्हणून जे ईस्ट्रोजेन, ते पुरुषाच्याही रक्तात असते, आणि पुरुषत्वाचे जे टेस्टोस्टेरोन, ते स्त्रीच्याही. प्रश्न प्रमाणाचा असतो. तागडी ईस्ट्रोजेनकडे झुकली की निजलेली ग्रंथी जागी होते. आणखी एक गोष्ट अशी की, शरीरातील चरबीमध्ये एक पाचकद्रव्य असते, त्याला अरोमॅटेज म्हणतात. ते टेस्टोस्टेरोनचे रूपांतर ईस्ट्रोजेनमध्ये करते. त्यामुळे लठ्ठपणात नुसती चरबी वाढत नाही, ती चरबी ग्रंथीलाही चिथावू शकते. म्हणजे खरा आणि खोटा हा भेद पुस्तकात जितका स्पष्ट, तितका शरीरात नाही. गॅलेनला फार हसण्याचे कारण नाही.

पुरुषाच्या आयुष्यात ही तागडी तीन वेळा झुकते. एकदा जन्मताच, आईच्या रक्तातील संप्रेरके बाळाकडे आलेली असतात म्हणून. तान्ह्या मुलाची छाती सुजलेली दिसते, कधी थेंबभर दूधही येते. ते पिळून काढण्याची चाल आपल्याकडील कित्येक घरांत आहे. ती सोडली पाहिजे, कारण त्याने गळू होते, आणि न पिळता ती सूज आपोआप जाते. दुसरी वेळ मिसरूड फुटण्याची. तिसरी म्हातारपणाची.

दुसऱ्या वेळेसंबंधी एक प्रसिद्ध पाहणी आहे. १९६१ साली अमेरिकेत निडिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा ते सोळा वर्षांच्या १,८५५ बालवीरांची तपासणी प्रसिद्ध केली. शंभरांत सुमारे एकोणचाळीस मुलांच्या छातीत लहानमोठी वाढ सापडली. एकोणचाळीस! म्हणजे वर्गात चाळीस मुले धरली तर पंधरासोळा जण सदऱ्याच्या आत तेच गुपित लपवून बसलेले, आणि प्रत्येकाची समजूत अशी की जगात हे आपल्या एकट्यालाच झाले आहे. यांतील बहुतेकांची वाढ वर्ष-दोन वर्षांत, फार तर तीन वर्षांत विरून जाते. जी थोडी उरते तिचाच प्रश्न शस्त्रवैद्यापुढे येतो.

हे सारे सातव्या शतकातील एका माणसाने जवळजवळ अचूक लिहून ठेवले होते. इजिना हे ग्रीसजवळचे एक लहान बेट. तेथला पॉल नावाचा वैद्य अलेक्झांड्रियात राहत होता. अरबांनी ते शहर ६४१-६४२ च्या सुमारास घेतले, तोच हा काळ. ग्रंथालये विस्कटत होती आणि राज्ये बदलत होती. अशा वेळी या माणसाने ग्रीक वैद्यकाचे सार सात भागांत उतरवून काढले. आपण नवे फारसे काही सांगत नाही, जुन्यांनी सांगितलेलेच जमवले आहे, असे तो आरंभीच नम्रपणे कबूल करतो. तेव्हा ही शस्त्रक्रिया त्याच्याही आधीची असणे शक्य आहे; पण तिचा स्पष्ट लेखी पुरावा त्याच्याच सहाव्या भागात मिळतो. तो भाग सर्वस्वी शस्त्रक्रियेचा आहे. स्कॉटलंडमधील बँकरी या गावी डॉक्टरकी करणाऱ्या फ्रान्सिस ॲडम्सने १८४४ ते १८४७ या काळात तो सबंध ग्रंथ इंग्रजीत आणला. खेड्यातल्या डॉक्टराने रोगी तपासून उरलेल्या वेळात एवढे काम करावे, हे आपल्याकडील निवृत्त विद्वानांनीही ऐकून ठेवण्यासारखे आहे.

पॉलचे म्हणणे मी माझ्या शब्दांत सांगतो. वयात येताना जसे मुलींचे तसेच मुलांचेही स्तन थोडे फुगतात. बहुतेकांचे पुन्हा बसतात. काहींचे मात्र आत चरबी धरल्यामुळे वाढतच जातात. यात बायकीपणाचा कलंक लागतो, म्हणून शस्त्रक्रिया करणे योग्य होय. मग तो कृती सांगतो. स्तनाच्या खालच्या बाजूस चंद्रकोरीसारखा छेद घ्यावा, कातडी सोडवून वर उचलावी, चरबी काढावी आणि टाके घालावे. स्तन स्त्रीसारखा मोठा होऊन लोंबत असेल तर एका छेदाने भागत नाही, कारण मागे रिकामी कातडी लोंबत राहते. अशा वेळी एकात एक बसतील आणि टोकांशी मिळतील अशा दोन चंद्रकोरी काढाव्या, मधली कातडी काढून टाकावी, नंतर चरबी काढून शिवावे. काढताना कमी पडले तर पुन्हा काढावे.

चारपाच वाक्यांचा हा मजकूर. पण त्यात निदान आहे, आपोआप बरे होण्याची शक्यता आहे, कोणावर शस्त्र चालवावे आणि कोणावर नाही याचा विवेक आहे, लहान व मोठ्या वाढीसाठी दोन वेगळ्या रीती आहेत, आणि काम अपुरे राहिले तर काय करावे तेही आहे. आजच्या शस्त्रवैद्याला यात फक्त एकच गोष्ट खटकेल. पॉलचा छेद स्तनाच्या खाली, म्हणजे छातीवर उघड दिसेल असा होता. लाज झाकण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया स्वतःचीच खूण मागे ठेवून जाई.

त्या टेबलावर पडलेल्या माणसाची कल्पना करून पाहा. भूल नाही. जंतूंचे ज्ञान नाही. अंगात थोडीफार मदिरा किंवा अफू असलीच तर असेल. चार माणसांनी धरून ठेवलेले, आणि छातीची कातडी सोलली जात आहे. एवढे सोसावयाला तो तयार झाला, यावरून त्याने बाजारात, स्नानगृहात, बरोबरीच्यांत काय सोसले असेल याचा अंदाज करता येतो. ग्रीक-रोमन जगात सार्वजनिक स्नानगृह हा रोजचा परिपाठ होता, तेथे लपवावयाची सोय नव्हती.

आणि आता त्याच सहाव्या भागात थोडे पुढे चला. तेथे पुरुषाचे वृषण काढून त्याला खोजा कसे करावे याचे प्रकरण आहे. पॉल आरंभीच सांगतो की, आमची विद्या शरीर बिघडले असता ते निसर्गस्थितीला आणण्याची. हे कर्म त्याच्या अगदी उलट आहे. परंतु मोठ्या अधिकाराची माणसे कधीकधी आम्हांला आमच्या इच्छेविरुद्ध भाग पाडतात, म्हणून सांगावे लागते. हे वाचून मन थबकते. वृषण गेले की टेस्टोस्टेरोन जाते, आणि पुष्कळ खोजांच्या छातीवर स्तन येतात. म्हणजे एका प्रकरणात ज्या लक्षणाला कलंक म्हणून कापावयाचे, तेच लक्षण दुसऱ्या प्रकरणातील कर्माने निर्माण व्हावयाचे; आणि दोन्ही मागणारा समाज एकच. बिझँटाइन दरबारात खोजे सेनापतिपदापर्यंत चढले, त्यांना तेथे मानही होता. पण तोच आकार एखाद्या साध्या गृहस्थाच्या अंगावर आला की तो हास्यास्पद. शरीराचा दोष शरीरात किती आणि बघणाराच्या डोळ्यांत किती, हा प्रश्न पॉलने विचारला नाही. पण त्याने दोन्ही प्रकरणे एकाच पुस्तकात लिहून आपल्यापुढे ठेवली, आणि एका ठिकाणी आपली नाराजी लपवली नाही. तेवढ्यासाठी मला तो प्रामाणिक वाटतो.

पॉलचा ग्रंथ नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक याने अरबीत नेला. तेथून ही शस्त्रक्रिया स्पेनला पोचली. कॉर्दोव्हाजवळ दहाव्या शतकात अल्-झहरावी होऊन गेला. युरोपने त्याचे नाव अल्बुकासिस केले. त्याच्या तीस भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा असून त्यात हत्यारांच्या सुमारे दोनशे आकृत्या आहेत. पुरुषांच्या स्त्रीसारख्या स्तनांवर त्यात वेगळे प्रकरण आहे. रीत पॉलचीच, चंद्रकोरीची. बाराव्या शतकात टोलेडो येथे क्रेमोनाच्या जेरार्डने हा भाग लॅटिनमध्ये आणला आणि पुढे कित्येक शतके तो युरोपच्या विद्यापीठांतून वाचला गेला.

दुसरी वाट पूर्वेकडे गेली. आजच्या तुर्कस्थानातील अमास्या गावी शरफुद्दीन सबुंजुओलू नावाचा शस्त्रवैद्य होता. १४६५ साली, वयाच्या ऐंशीच्या घरात, त्याने अल्-झहरावीच्या आधाराने शस्त्रक्रियेचा ग्रंथ रचला, आणि तो विद्वानांच्या अरबीत न रचता लोकांच्या तुर्कीत रचला. शिवाय त्यात रंगीत चित्रे घातली. वैद्य कोठे बसतो, रोगी कसा बसतो, हत्यार कोणत्या हातात, सारे चित्रात. मनुष्याकृती काढणे जेथे शिष्टसंमत नव्हते तेथे हे धाडसच. आपल्या लोकभाषेत वैद्यक लिहावे की लिहू नये यावर आपण एकोणिसाव्या शतकात वाद घातले. अमास्याच्या म्हाताऱ्याने ते चारशे वर्षे आधी करून दाखवले होते.

यानंतर या शस्त्रक्रियेचा इतिहास बराच काळ मंदावतो. ग्रंथांच्या नकला होत राहिल्या, पण रीत पुढे सरकली नाही. कारण उघड आहे. ज्या काळी साध्या गळवाने माणूस दगावे, त्या काळी लाजेखातर छाती उघडणे हा मोठा जुगार होता.

येथे आपल्या पुण्याचा एक धागा या कथेत येतो. लाजेवरची शस्त्रक्रिया म्हटली की आपल्याला स्तन नव्हे, नाक आठवते. नाक कापले जाणे म्हणजे अब्रू जाणे, हा आपल्याकडे केवळ वाक्प्रचार नव्हता, ती शिक्षा होती. १७९२ च्या टिपूवरील मोहिमेत इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका कसबी माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिले, आणि लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात ती हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यूने १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली, आणि युरोपात घडणशल्याची, म्हणजे प्लॅस्टिक सर्जरीची, नवी लाट उठली. पुरुषांच्या छातीवरील आजची शस्त्रक्रिया याच शाखेच्या मांडवाखाली येते. फरक एवढाच की, कावसजीचे नाक शत्रूने कापले होते. तो आपली हकीकत सांगू शकत होता, लोकांची सहानुभूती त्याच्याकडे होती. वयात येणाऱ्या मुलाच्या छातीला कोणी शत्रू नसतो. त्याला सांगण्यासारखी हकीकतच नसते.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये ईथरची भूल जगजाहीर झाली. १८६७ साली लिस्टरने जंतुनाशक पद्धत मांडली. या दोन तारखांनी सगळ्याच शस्त्रविद्येचे दैव पालटले, त्यासंबंधी येथे विस्तार करीत नाही. आपल्या विषयापुरते सांगायचे तर, आता प्रश्न जगण्याचा न राहता व्रणाचा झाला. छेद कोठे घ्यावा की तो दिसणार नाही?

पॅरिसच्या लेऑं द्युफुर्मेंतेलने १९२८ साली एक वाट दाखवली होती. ती पक्की करून सर्वांच्या हाती दिली न्यूयॉर्कच्या जेरोम वेबस्टर यांनी, १९४६ साली. बोंडाभोवती जो काळसर गोल असतो, त्याला स्तनमंडल म्हणतात. वेबस्टरनी छेद घेतला तो त्या गोलाच्या खालच्या अर्ध्या भागात, गडद आणि फिकट कातडी जेथे मिळते तेथल्या कडेशी, आतल्या बाजूने. दोन रंगांच्या हद्दीवर पडलेली बारीक रेघ डोळ्याला रेघ म्हणून दिसतच नाही. आपले शिंपी काठाच्या रंगातच शिवण लपवतात, तोच हा न्याय. त्या अर्धवर्तुळातून आतली घट्ट ग्रंथी सोडवून बाहेर काढावयाची. पण सगळी नाही. बोंडाखाली पातळशी चकती राखून ठेवावी लागते, नाहीतर बोंड आत बसून छातीवर बशीसारखा खळगा पडतो, आणि जुन्या लाजेच्या जागी नवी येते. नंतर घट्ट पट्टी, कारण त्या मोकळ्या जागेत रक्त साठून गाठ होणे हा या शस्त्रक्रियेतील नेहमीचा उपद्रव आहे, आजही आहे.

हे वेबस्टर मोठे गोड गृहस्थ असावेत. तरुणपणी ते पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम करीत होते. पुढे त्यांनी मार्था ग्नूदी या विदुषीबरोबर सोळाव्या शतकातील बोलोन्याच्या ताल्याकोत्सीचे भले मोठे चरित्र लिहिले, ते १९५० साली निघाले. ताल्याकोत्सी म्हणजे दंडाची कातडी घेऊन नाक करणारा. आपल्या विद्येचे पूर्वज शोधत बसणारा शस्त्रवैद्य विरळाच.

वेबस्टर यांच्या लेखाचा काळही ध्यानात घ्या. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. जपान्यांच्या छावण्यांतून सुटलेले अमेरिकन युद्धकैदी घरी येत होते. वर्षानुवर्षे उपाशी राहिलेली ही हाडांची माणसे पोटभर खाऊ लागली, आणि त्यांतील काहींच्या छातीवर स्तन वाढू लागले. डॉक्टर चक्रावले. १९४७ साली क्लॅट्स्किन व सहकाऱ्यांनी यावर लेख लिहिला. आज याचा उलगडा असा करतात की, उपासमारीत शरीर पुनरुत्पादनाची यंत्रणा जवळजवळ बंद करून ठेवते. अन्न मिळताच ती पुन्हा सुरू होते, जणू तो माणूस दुसऱ्यांदा वयात येतो, आणि चौदाव्या वर्षी जे होते तेच तिशीत होते. यकृताचाही त्यात भाग असतो. यकृत ईस्ट्रोजेनचा निचरा करते. ते दुबळे झाले की तागडी झुकते. दारूने यकृत सुकलेल्या माणसाची छाती वाढते ती याच कारणाने.

त्याच दशकात आणखी दोन दिवे लागले. १९४१ साली शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी दाखवले की, प्रोस्टेटचा कर्करोग वृषण काढल्याने किंवा ईस्ट्रोजेन दिल्याने आटोक्यात येतो. १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण ईस्ट्रोजेन घेणाऱ्या वृद्धांचे स्तन वाढत, आणि प्राण वाचले या आनंदात ही तक्रार बोलण्याची कोणाला सोय नसे. १९४२ साली बोस्टनच्या हॅरी क्लाइनफेल्टर यांनी नऊ पुरुषांची लक्षणे एकत्र मांडली: वाढलेले स्तन, लहान वृषण, अपत्यहीनता. त्याचे कारण १९५९ साली एडिंबरोच्या पॅट्रिशिया जेकब्स आणि जॉन स्ट्राँग यांनी शोधले. या पुरुषांच्या पेशींत एक्स गुणसूत्र एक जास्त असते. पाचशे ते हजार पुत्रजन्मांमागे एक, इतके हे प्रमाण. मूल होत नाही म्हणून बायकोला बोल लावणाऱ्या कित्येक घरांत खरे कारण हेच असले पाहिजे. या पुरुषांत स्तनाच्या कर्करोगाचा धोकाही इतर पुरुषांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे येथे प्रश्न नुसत्या रूपाचा राहत नाही.

पुढचा टप्पा १९७३ चा. सायमन, हॉफमन आणि कान यांनी वाढीच्या पायऱ्या ठरवल्या. वाढ लहान, मध्यम पण कातडी जास्त नाही, मध्यम आणि कातडीही थोडी जास्त, आणि शेवटी स्त्रीच्या ओघळलेल्या स्तनासारखी मोठी. पहिल्या दोहोंत कातडी काढावी लागत नाही, शेवटच्या प्रकारात काढावीच लागते. नीट पाहिले तर ही पॉलचीच वाटणी आहे: एक चंद्रकोर की दोन.

त्यानंतर सुरीच्या जागी नळी आली. रोममध्ये फिशर पितापुत्रांनी आणि १९७७ पासून पॅरिसमध्ये इलूझ यांनी लहानशा छिद्रातून बोथट नळी घालून चरबी ओढून घेण्याची रीत काढली. १९८३ साली टेमूरियन आणि पर्लमन यांनी ती पुरुषांच्या छातीसाठी वापरून दाखवली. १९८७ साली कॅलिफोर्नियाच्या जेफ्री क्लाइन यांनी मिठाच्या पाण्यात बधिर करणारे औषध व ॲड्रेनलिन अगदी पातळ करून त्या भागात भरण्याची युक्ती सांगितली. त्याने रक्तस्राव पुष्कळ कमी झाला. पण नळी चरबी ओढते, ग्रंथी ओढत नाही. ग्रंथी रबरासारखी चिवट असते. म्हणून आज पुष्कळदा दोन्ही करतात: नळीने चरबी काढावयाची आणि वेबस्टरच्या अर्धवर्तुळातून ग्रंथी. सकाळी दवाखान्यात गेलेला तरुण बहुधा संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतो आणि पुढे काही आठवडे घट्ट बंडी घालून हिंडतो.

यामुळे शस्त्रक्रिया सोपी झाली, आणि सोपी झाली म्हणून तिचा बाजारही झाला. शहरांतून तिच्या जाहिराती लागलेल्या आपण पाहतो. एका तासात काम, व्रण दिसणार नाही, आत्मविश्वास परत मिळेल. या जाहिरातींवर माझा एक आक्षेप आहे. पॉलच्या मजकुराचे दुसरेच वाक्य त्यांतून गळालेले असते: बहुतेकांचे आपोआप बसते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला घाबरलेल्या आईबापांनी घेऊन जावे आणि त्याला दोन वर्षे थांबावयास न सांगता टेबलावर घ्यावे, हा व्यापार झाला. उलट, वीस वर्षांच्या मुलाला "यात काय मोठेसे, दुर्लक्ष कर" असे सांगणारे वडीलधारेही मला शहाणे वाटत नाहीत. एवढ्या वर्षांत वाढ गेली नाही तर आत तंतू धरून ती घट्ट होते, मग औषधाने जात नाही. सुरुवातीच्या काळात टॅमॉक्सिफेनसारखे औषध काहींना उपयोगी पडते, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

आणखी एक नवे कारण अलीकडे व्यायामशाळांतून आले आहे. छाती कमवायला निघालेली मुले अंगात भर पडावी म्हणून टेस्टोस्टेरोनच्या जातीची औषधे टोचून घेतात. जास्तीचे टेस्टोस्टेरोन अरोमॅटेजच्या तावडीत सापडते आणि त्याचे ईस्ट्रोजेन होते. पुरुषी छाती हवी म्हणून घेतलेल्या औषधाने बायकी छाती मिळते. शिवाय स्वतःचे वृषण काम करीनासे होतात, ते वेगळेच. जुन्या तालमीतील वस्ताद दूध, बदाम आणि जोर-बैठकांवर थांबत, ते अडाणी होते असे म्हणवत नाही.

म्हणून चांगला डॉक्टर आज सुरी उचलण्याआधी बरेच प्रश्न विचारतो. कोणती औषधे चालू आहेत? पोटातील आम्लासाठीचे सिमेटिडीन, हृदयासाठीचे डिगॉक्सिन, लघवी वाढवणारे स्पायरोनोलॅक्टोन, यांनीही स्तन वाढतात, आणि औषध बदलले की काम भागते. दारू किती? थायरॉइड कसे आहे? मग तो वृषण तपासतो, कारण तेथली लहानशी गाठ कधीकधी छातीवर आपली खबर देते, आणि ती सापडली तर शस्त्रक्रिया छातीवर नव्हे, दुसरीकडेच करावी लागते. वाढ एकाच बाजूला, दगडासारखी टणक, बोंडातून रक्त येत असेल, तर कर्करोगाचा तपास आधी. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रोग्यांत एखादा पुरुष असतो. संकोचाने तो उशिरा येतो, आणि उशीर त्याला भोवतो.

हे सगळे होऊन शस्त्रक्रिया ठरली, झाली, टाके पडले, तरी एक काम उरते. काढलेली ग्रंथी फेकावयाची नसते. ती फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून, नाव आणि बाजू लिहून, विकृतिशास्त्रज्ञाकडे पाठवतात. तेथे तिचे पातळ काप करून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात, आणि चारआठ दिवसांनी अहवाल येतो. बहुतेक वेळा त्यात निर्धोक वाढ एवढेच लिहिलेले असते.